एस्पोसितो नावाची माणसं

नेपल्समधल्या कुठल्याही जुन्या बिल्डिंगच्या दारात बेलच्या बटणांशेजारची नावं वाचत उभं राहिलं ना, तर एस्पोसितो सापडायला फार वेळ लागत नाही. कधीकधी एकाच पाटीवर दोन दोन असतात, एक पहिल्या मजल्यावर, एक चौथ्या, आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं असेलच असं अजिबात नाही. शहरातलं एक नंबरचं आडनाव आहे हे, अख्ख्या इटलीतही पहिल्या पाचात येतं. 'जेन्नारो एस्पोसितो' म्हटलं की इटालियन माणसाच्या डोळ्यासमोर टिपिकल नेपल्सवाला उभा राहतो, आणि गंमत म्हणजे ह्याच नावाचा एक खराखुरा नावाजलेला शेफपण आहे, नेपल्सच्या खाली विको एक्वेन्से नावाच्या गावात त्याचं रेस्टॉरंट आहे.

आम्ही राहतो मिलानला, म्हणजे पार वरच्या टोकाला. नेपल्सला जायचं म्हटलं की इथले लोक पाकीट सांभाळ वगैरे सल्ले देतात, ते ऐकून सोडून द्यायचे. मला जायचं होतं ते फोर्चेल्ला भागात. तिथे एका गल्लीत आन्नुन्त्सियाता नावाची जुनी धर्मादाय संस्था आहे, चौदाव्या शतकातली, चर्च, हॉस्पिटल, अनाथालय सगळं एकत्र. चर्च 1757 च्या आगीत जळलं आणि वानवितेल्ली नावाच्या मोठ्या आर्किटेक्टने ते परत बांधायला घेतलं, त्यामुळे आत शिरल्यावर सगळं पांढरं, खांबच खांब, भव्य. पण लोक त्या चर्चसाठी येत नाहीत. लोक येतात बाजूच्या भिंतीतलं एक भोक बघायला.

ते भोक म्हणजे 'रुओता', चाक. प्रत्यक्षात चाकासारखं काही दिसत नाही. भिंतीत बसवलेलं लाकडी पिंप समजा, उभ्या आसावर फिरणारं, एका बाजूने उघडं. रस्त्यावरून बाळ आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतल्या खोलीत रात्रंदिवस एक बाई बसलेली असायची, ती बाळ उचलून घ्यायची. बाहेरचीला आतली दिसत नाही, आतलीला बाहेरची दिसत नाही, ह्यासाठीच ती सगळी रचना. आतल्या खोलीत बाळांना आंघोळ घालायची दगडी कुंडी अजून आहे. बाहेरचं भोक इतकं लहान आहे की तान्हं मूलच जेमतेम मावेल, आणि नेपल्समधे सांगतात की काही आया जरा मोठी झालेली मुलंपण तेल लावून त्यातून सरकवायला बघायच्या. हे किती खरं कोण जाणे, गाईड लोकांना असल्या गोष्टी फार आवडतात, आमच्या गाईडचा तर आवाजच बदलला ते सांगताना.

आत आलेल्या मुलाची वहीत नोंद व्हायची. कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी, अंगावर काय कपडे, अंगावर काही खूण, सोबत चिठ्ठी आहे का, बाप्तिस्मा झालाय की नाही. गळ्यात शिशाचं छोटं पदक घालायचे, म्हणजे हे मूल ह्या घराचं. आणि मग नाव. नाव कुठल्यातरी संताचं, आणि आडनाव सगळ्यांना एकच, एस्पोसितो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'बाहेर ठेवलेला', उघड्यावर टाकलेला. लोक मात्र ह्या मुलांना 'मादोनाची मुलं' म्हणायचे, कारण आन्नुन्त्सियाता म्हणजे देवदूताकडून गोड बातमी मिळालेली मारिया, येशूची आई, तीच मादोना, आणि तिचंच घर ते. म्हणजे वहीत टाकलेला आणि गल्लीत देवीचा, दोन्ही एकाच वेळी.

इटालियन आडनावं एरवी तशी आपल्यासारखीच असतात म्हणजे. फेरारी म्हणजे लोहार, रोस्सी आणि दक्षिणेत रुस्सो म्हणजे तांबूस केसांचा कुणीतरी पूर्वज, रोमानो, जेनोवेझे वगैरे आपल्या पुणेकर-नागपूरकरच्या चालीवरची गावावरून पडलेली. बापाच्या नावावरून तर ढिगाने. आधी ही नुसती टोपणनावं होती, पिढीगणिक बदलायची. 1563 ला ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लग्नांची आणि बाप्तिस्म्यांची नोंद ठेवणं सगळ्या पाद्र्यांना सक्तीचं केलं आणि वहीत एकदा लिहिलेलं नाव हळूहळू घट्ट बसत गेलं. ह्या सगळ्या आडनावांमागे कोणीतरी एक माणूस असतो, एक धंदा असतो, एक गाव असतं. एस्पोसितोमागे फक्त एक इमारत असते, आणि म्हणून मला हे आडनाव बाकीच्यांपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं. बापाच्या जागी संस्थेने सही केलेलं आडनाव.

आणि ही सही दर शहराची वेगळी. फ्लोरेन्सला ब्रुनेल्लेस्कीने 1419 पासून बांधलेलं इन्नोचेंती नावाचं अनाथालय आहे, कमानींची ती सुंदर ओळ आणि वर निळ्या गोल चकत्यांमधे कापडात गुंडाळलेली पांढरी बाळं, फोटो बघितला असेल तुम्ही. तिथे पहिलं मूल आलं 5 फेब्रुवारी 1445 ला, मुलगी होती, आणि तो दिवस संत आगाताचा म्हणून तिचं नाव आगाता. तिथल्या मुलांवरून इन्नोचेंती, नोचेंतीनी, देल्यिन्नोचेंती अशी आडनावं पसरली. रोममधे सांतो स्पिरितो हॉस्पिटलचं चाक, त्याची गोष्ट अशी की तिबर नदीत कोळ्यांच्या जाळ्यात मासे येण्याऐवजी मेलेली तान्ही मुलं यायला लागली म्हणून पोप इनोसंट तिसऱ्याने ते सुरू करायला लावलं. तिथलं आडनाव प्रोयेत्ती, म्हणजे अर्थ परत तोच, फेकलेले. सियेनाला सांता मारिया देल्ला स्काला नावाचं हॉस्पिटल, तिथून देल्ला स्काला. बाकी त्रोवातो म्हणजे सापडलेला, व्हेंतूरा म्हणजे नशीब, दियोताल्लेव्ही म्हणजे देव तुला वाढवो. शेवटचं लिहिणारा कारकून त्या दिवशी जरा बऱ्या मूडमधे असावा.

आणि आमचं मिलान. इथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या, का' ग्रांदाच्या, चिन्हावर कबुतर, म्हणून इथल्या टाकलेल्या मुलांचं आडनाव कोलोंबो. माझ्या ऑफिसात दोनतीन कोलोंबो आहेत, त्यातल्या एकाला मी हे सगळं उत्साहाने सांगायला गेले तर तो शांतपणे म्हणाला की हो माहितीये, पण आमचे कोलोंबो त्यातले नाहीत. हे मात्र सगळेच म्हणतात. अर्थात खरंही असू शकतं, कारण हे आडनाव त्याच्या आधीपासून होतंच, अमेरिका शोधणारा कोलंबस जेनोवाचा कोलोंबोच, त्याचा ह्या अनाथालयाशी काही संबंध नाही. एस्पोसितोवाल्यांना ही पळवाट नाही. ते आडनाव दुसऱ्या कुठल्या वाटेने तयार होण्यासारखं नाहीच मुळी.

का' ग्रांदाच्या त्या इमारतीत आता युनिव्हर्सिटी आहे, पोरं अंगणात बसून सँडविच खात असतात. आणि आता मिलानच्या सगळ्यात कॉमन आडनावांच्या यादीत हू हे चिनी आडनाव पार वर जाऊन बसलंय. खाली पो नदीच्या पट्ट्यात गाईम्हशींच्या गोठ्यांवर काम करणारे आपले पंजाबी लोक आहेत, त्यांच्यामुळे सिंग हे आडनाव तिकडे इतकं झालंय की इटालियन माणसाला वाटावं हे सगळे एकाच घरातले. इटालियन कागदांना नाव आणि आडनाव अशा दोनच चौकटी कळतात. माझ्या पर्मेसोवर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, नवऱ्याचं नाव माझ्या नावाला असं काही चिकटवलंय की हॉस्पिटलात मला त्याच्याच नावाने पुकारतात, आणि मी पण आता मुकाट उठते. इथल्या बायकांचं बरं असतं, लग्नानंतर कागदोपत्री त्यांचं माहेरचंच आडनाव चालू राहतं.

तर, मुलं टाकत कोण होतं? माझ्या डोक्यात आपलं ठरलेलं चित्र होतं, फसवलेली मुलगी, रात्र, पाऊस. तशा होत्याच. पण मिलानच्या एकोणिसाव्या शतकातल्या वह्या बघितलेल्या इतिहासकारांना दिसलं की कितीतरी मुलं सरळ लग्नाच्या जोडप्यांची होती. दोघंही कामावर, बाईला अंगावर पाजायला वेळ नाही, दाई ठेवायला पैसे नाहीत, मग मूल चाकात ठेवायचं, संस्था ते खेड्यातल्या दाईकडे पाठवणार, आणि दोनतीन वर्षांनी जरा हातात पैसे आले की परत घेऊन यायचं. आता परत आणायचं तर ओळखायचं कसं? म्हणून खुणा. पत्त्याचं पान अर्धं कापून अर्धं बाळाच्या दुपट्यात आणि अर्धं आईकडे. संताचं चित्र कापलेलं, पदक मधोमध तोडलेलं, मण्यांची माळ तुटकी. फ्लोरेन्सच्या म्युझियममधे भिंतभर छोटे छोटे ड्रॉवर केलेत, एकेक ओढायचा आणि आत एकेक अर्धी वस्तू. एका ड्रॉवरमधे बोटाच्या पेराएवढा पदकाचा तुकडा, कापलेली कड अजून धारदार, दोऱ्याचं भोक नेमकं दुसऱ्या अर्ध्यात गेलेलं. मी तिथे बराच वेळ होते, आणि बाजूला एक शाळेची ट्रिप आली होती, ती पोरं धडाधड ड्रॉवर उघडबंद करत होती, म्हटलं करू देत.

परत आणलेल्यांची संख्या मात्र फार नाही, आणि त्यातलं कारण दर वेळी आईबापांनी विचार बदलला हे नसतं. मुलं मरायची. कितीतरी अनाथालयांत कितीतरी वर्षं आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं वर्षभरात गेलेली आहेत. दाया कमी, एकेकीकडे दोन दोन मुलं, दाई मिळेपर्यंत जनावराचं न उकळलेलं दूध, खेड्यातून शहरापर्यंत टोपलीत घालून आणतानाच अर्धमेली झालेली, आणि सिफिलिस, जो आईकडून मुलाला आणि मुलाकडून दाईला लागायचा, त्यामुळे दाया आणखीनच मिळेनाशा व्हायच्या. चाकाबद्दल बोलताना 'वाचवलं' हा शब्द फार सहज वापरतात, त्या गाईडनेही वापरला. मला तो जड जातो. भिंतीच्या ह्या बाजूला मेली असती ती त्या बाजूला बाप्तिस्मा होऊन मेली, आणि तेव्हाच्या लोकांना ह्या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक वाटायचा हेही खरं, म्हणून तर इतका पैसा ओतला त्यांनी ह्यात. आणि ज्या मुली जगायच्या त्यांना संस्था हुंडा देऊन लग्न लावून द्यायची, त्याला वेगळी देणगी असायची.

मग आला म्युरा. नेपोलियनचा मेहुणा, घोडदळाचा सेनापती, 1808 ते 1815 नेपल्सचा राजा. फ्रेंचांनी येताना सिव्हिल रजिस्टर आणलं, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद पाद्रीच्या वहीतून निघून सरकारच्या वहीत आली, आणि म्युराच्या काळातच एस्पोसितो हे आडनाव टाकलेल्या मुलांना द्यायला बंदी झाली. माणसाने आयुष्यभर कपाळावर पाटी घेऊन फिरू नये हा हेतू, चांगलाच. मिलानमधेही 1825 मधे कोलोंबो देणं बंद झालं. आता प्रॉब्लेम असा की मुलं यायची थांबली नव्हती, रोज येत होती, आणि प्रत्येकाला नवीन आडनाव पाहिजे. म्हणजे एखाद्या सरकारी कारकुनाच्या टेबलावर रोज सकाळी हे काम, की आज आलेल्यांना आडनावं शोधा. महिन्यांची नावं, वारांची नावं, फळं, भाज्या, पक्षी, ऋतू, रंग. कधी त्या दिवशीचा संत, कधी मनानेच बनवलेला, अर्थ नसलेला शब्द. आज इटलीत अशी काही विचित्र, दुर्मिळ आडनावं भेटतात की ती अख्ख्या देशात मोजक्याच घरात आहेत, त्यातल्या काहींची सुरुवात अशा एखाद्या कंटाळलेल्या कारकुनाच्या डोक्यात झालेली असते.

ह्या सरकारी वह्या आता ऑनलाइन आहेत, इटालियन सरकारची 'आंतेनाती' म्हणून साइट आहे, फुकट, आणि मला तिचा नाद लागलाय हे घरच्यांना आता कळून चुकलंय. नेपल्सच्या बाजूच्या छोट्या गावांमधे चाकाशी बसणाऱ्या बाईला 'पिया रिचेवित्रीचे' म्हणायचे, स्वीकारणारी धार्मिक बाई. 1809 नंतरच्या नोंदींत ती येते. रात्री अमुक वाजता घंटा वाजली, चाकात एक मूल मिळालं, मुलगा की मुलगी, वय अंदाजे एक दिवस, अंगाभोवती जुन्या कापडाचं गुंडाळणं, डोक्यावर टोपडं, खूण काही नाही. मग अधिकारी लिहितो की मी ह्याला अमुक नाव, तमुक आडनाव दिलं. खाली सही, आणि बऱ्याचदा ओळ अशी की बाईला सही येत नाही. छापील फॉर्म आहे, रिकाम्या जागा भरायच्या, आणि त्या भरलेल्या जागांमधे कापडाचं वर्णन इतकं बारीक केलेलं असतं की वाटतं हा माणूस लिहिताना मनात म्हणत असेल, उद्या कोणी शोधत आलंच तर.

अमेरिकेतले, अर्जेंटिनातले लोक ह्याच साइटवर आपले पूर्वज शोधत येतात, कारण दक्षिण इटलीतून एकोणिसाव्या-विसाव्या शतकात माणसं लोंढ्याने बाहेर गेली. त्यांच्यात एक आवडती समजूत आहे की एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यूयॉर्कला बोटीने उतरणाऱ्यांना तपासायच्या नाक्यावरच्या, साहेबाने आमच्या आजोबांचं आडनाव बदललं. तसं व्हायचं नाही, तिथला अधिकारी जहाजाच्या यादीवरून नाव तपासायचा, आणि ती यादी निघतानाच्या बंदरावर झालेली असायची. आडनावं बदलली ती लोकांनी स्वतःच, नंतर. एस्पोसितोवाल्यांची वेगळीच अडचण. खापरपणजोबांपर्यंत सरळ रेघ जाते, आणि मग ती चाकापाशी येऊन थांबते. पलीकडे काही नाहीच. डीएनए टेस्ट करून कोणीतरी चुलतबिलत सापडतात म्हणे, पण कागद नाही. आपल्याकडे भाट, बडवे, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या असतात, सात पिढ्या घडाघडा वाचून दाखवतात, त्यातल्या किती खऱ्या देव जाणे. ह्यांच्या वहीत पहिल्याच ओळीत लिहिलंय की माहीत नाही.

तरीपण ह्या आडनावाचं ओझं गेलं कसं, हा माझा खरा प्रश्न होता, आणि मला वाटतं उत्तर साधं आहे, माणसं फार झाली. एका गल्लीत एक एस्पोसितो असेल तर लोक कुजबुजतील, प्रत्येक जिन्यावर एक असेल तर कोण कुणाबद्दल कुजबुजणार? बंदी नवीन मुलांना होती, आधीच्यांनी लग्नं केली, त्यांना मुलं झाली, ती काही लपत नव्हती. 1889 ला राणी मार्गेरितासाठी टोमॅटो, मोझरेल्ला आणि तुळशीचा पिझ्झा केला तो राफाएले एस्पोसितोने. राणीच्या नावाची ती कथा कितपत खरी ह्यावर इतिहासकार भांडतात, पण पिझ्झावाला खरा होता. आणि मजा बघा, ते दुकान आज त्याच्या बायकोच्या माहेरच्या आडनावाने, ब्रांदी म्हणून ओळखलं जातं. कॅनडात आइस हॉकीचे दोन मोठे प्लेअर झाले, फिल आणि टोनी एस्पोसितो, सख्खे भाऊ. जानकार्लो एस्पोसितो हा अमेरिकन अ‍ॅक्टर, बाप नेपल्सचा, आई आफ्रिकन अमेरिकन, जन्म कोपनहेगनचा.

नेपल्सचं चाक बंद झालं 1875 मधे. त्याच्यानंतरही लोक आन्नुन्त्सियाताच्या दाराशी मुलं ठेवून जातच राहिले, फक्त आता भिंतीत भोक नव्हतं. देशभरातली चाकं कायद्याने संपली 1923 मधे. ते 1875 साल वाचून मी जरा थबकले, कारण पंढरपूरचा प्रार्थना समाजाचा बालकाश्रम त्याच सालचा आहे. वारीच्या गावात टाकलेल्या मुलांसाठी. आणि त्याच्या आधी, 1863 ला, पुण्यात फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि तिथे कल्पना चाकाच्या उलट होती. चाक म्हणतं, आई दिसू नये, मूल आत द्या. जोतिराव-सावित्रीबाई म्हणत होते की बाईनेच आत यावं, गुपचूप यावं, नीट बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवावं, नाहीतर इथे सोडून जावं. तिथेच जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी 1874 ला दत्तक घेतलं, तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. आडनाव फुले. त्याला दुसरं कुठलं शोधायला लागलं नाही.

इटलीतही आज तसंच आहे, दाराशी ठेवायच्या ऐवजी दवाखान्यात यायचं. कुठल्याही सरकारी हॉस्पिटलात बाई आपलं नाव न सांगता बाळंत होऊ शकते, तिची माहिती 100 वर्षं सीलबंद. हे 100 वर्षांचं कुलूप अगदीच आंधळं आहे म्हणून 2012 मधे युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने इटलीला फटकारलं, आणि पुढच्या वर्षी इटलीच्या घटनात्मक कोर्टाने म्हटलं की मूल मोठं होऊन विचारायला आलं तर आईला निदान विचारून बघायची सोय पाहिजे, सांगायची इच्छा आहे का म्हणून. मला हे बरोबर वाटतं, पण मी त्या आईच्या जागी नाही.

आणि अशा मुलाचं आडनाव आजही कारकूनच ठरवतो, फक्त त्याच्या हातात 2000 सालचे नियम आहेत. त्यात लिहिलंय की आईबाप माहीत नसलेल्या मुलाला त्याच्या जन्माची गोष्ट कळेल असं आडनाव द्यायचं नाही, इतिहासात गाजलेलं द्यायचं नाही, आणि त्या भागातल्या कुठल्या प्रसिद्ध घराण्याचंही द्यायचं नाही. म्हणजे नेपल्सच्या त्या ऑफिसात बसलेल्या बाईला एस्पोसितो लिहिता येईल का, हा मी आमच्या सोसायटीतल्या एका वकिलीणबाईंना विचारलेला प्रश्न. त्या बराच वेळ विचार करत होत्या. मग म्हणाल्या, नियमाने नाही, पण तिला पटकन सुचणारं पहिलं आडनाव तेच असणार, कारण ती स्वतःच बहुतेक एस्पोसितो असेल.